चूलबंद

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं एक गाव. जानेवारीतल्या पुण्यतिथी महोत्सवाचा शेवटचा दिवस. पहाटे ग्रामसफाई झाली, रामधून गावभर फिरून आली, दुपारी गोपालकाला आटोपला आणि पंगती बसल्या. आवतन चूलबंद होतं, म्हणजे त्या दिवशी गावात कोणाच्याच घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी मंडपात यायचं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास शेवटची पंगत उठली, तेव्हा मंडपामागे भाताचे चार गंज, म्हणजे मोठी पातेली, झाकलेले तसेच होते. आचाऱ्याने एकाचं झाकण काढलं. वाफ केव्हाच निघून गेली होती, वरचा थर आळून बसला होता. त्याने दोन शितं बोटात चुरून पाहिली, झाकण परत ठेवलं आणि महोत्सव समितीच्या सचिवाला हाक मारली. "आकडा कोनं देल्ला होता?" सचिव पंचविशीतला पोरगा. त्याने ग्रामपंचायतीतून नमुना ८, म्हणजे घरपट्टीचं रजिस्टर पाहून आकडा काढला होता. नोंदी २४०, घरामागे ५ माणसं, झाली १२००. लेकरं-बाळं वजा करून ९०० पानं सांगितली. त्या हिशेबाने तांदूळ ८० किलो, तुरीची डाळ ३५, कणीक ११०, आलू-वांगे १२० किलो आणले. पत्रावळ्या एक हजार आल्या होत्या, उरलेल्या मोजल्या तर ४८० निघाल्या. जेवली ५२० माणसं, त्यातही शेजारच्या दोन गावची भजनी मंडळं धरून. "काकाजी, मी तं रजिस्टर पाहूनच सांगतलं," पोरगा म्हणाला. म्हातारा चुलीतली लाकडं मागे ओढत होता. "घरं नोको सांगत जाऊ बापू. चुली सांगत जाय. पेटत्या चुली."

हे वाक्य मनातून जात नाही.

आचाऱ्याचा हिशेब ऐकण्यासारखा होता. आसपासच्या तीस-चाळीस गावांत तो स्वयंपाकाला जातो. वीस वर्षांपूर्वी शंभर माणसांना बारा किलो तांदूळ टाकावा लागे, आता नऊ किलोतही उरतो, असं तो सांगतो. लोकांची भूक कमी झाली असं त्याला वाटत नाही. "गावात खानारं वय नाही राह्यलं," हे त्याचं निदान. सत्तरीच्या बाईच्या पानावर अर्धी पोळी आणि पळीभर वरण-भात, तोही कालवून मऊ केलेला. पंचविशीच्या पोराच्या पानावर तीन पोळ्या आणि भाताचे दोन फेरे. पंगतीत कोण बसलं आहे यावर तांदूळ ठरतो, नुसत्या डोक्यांवर ठरत नाही. लोकसंख्याशास्त्रात याला वयोरचना म्हणतात आणि तिचा मनोरा काढतात. खाली लेकरं, वर म्हातारे, उजवीकडे बाया, डावीकडे माणसं. या गावाचा मनोरा काढला तर त्याचा पाया अरुंद निघेल, कारण जन्म कमी झाले आहेत. वरचा भाग रुंद निघेल. आणि मध्ये वीस ते पस्तीसच्या पट्ट्यात कंबर आत गेलेली दिसेल. तो खड्डा मरणाने पडलेला नाही. ती माणसं चाकणला आहेत, रांजणगावला आहेत, वाघोलीत एका खोलीत सहा जण राहतात, आणि दिवाळीला महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून किंवा दुप्पट भाड्याच्या ट्रॅव्हल्सने चार दिवसांसाठी येतात. नमुना ८ मध्ये मात्र त्यांच्या बापाचं घर कायम आहे.

आचारी जे म्हणाला, ते जनगणनेच्या पुस्तकात जवळजवळ त्याच शब्दांत लिहिलेलं आहे. जनगणनेच्या लेखी कुटुंब म्हणजे सर्वसाधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही. एका छपराखाली दोन भाऊ वेगळं शिजवत असतील तर ती दोन कुटुंबं. म्हणजे मोजणीचं एककच चूल आहे. त्याआधी घरांची यादी होते, भिंतीवर क्रमांक पडतात, आणि तिथे प्रगणकाला एक बारीक फरक करावा लागतो. ज्यात कोणीच राहत नाही ते रिकामं घर, आणि ज्यात माणसं राहतात पण सध्या बाहेर गेलेली आहेत ते कुलूपबंद घर. बाहेरून दोन्हींना सारखंच कुलूप असतं. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या बाईला विचारल्याशिवाय हा फरक कळत नाही, आणि घाईतला प्रगणक विचारत नाही. २०११ च्या मोजणीत देशात ३३ कोटींच्या आसपास घरं निघाली आणि त्यात सुमारे अडीच कोटी रिकामी होती. पण विदर्भातली खरी अडचण आहे ती या दोन्हींत न बसणाऱ्या तिसऱ्या घराची. दार उघडं असतं, आत एकटी म्हातारी असते, आणि "घरात किती जन?" विचारलं की ती सात सांगते. दोन पोरं, दोन सुना, दोन नातवंडं आणि ती. तिच्या मनातली चूल सात जणांची आहे. पातेल्यात मात्र वाटीभर तांदूळ शिजतो.

माणसांची मोजणी २०११ साली ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली होती आणि १ मार्चची मध्यरात्र हा संदर्भक्षण होता. पुढच्या मोजणीसाठीही १ मार्च २०२७ हाच संदर्भक्षण ठरला आहे. नियम असा, की गावचा नेहमीचा रहिवासी या वीस दिवसांत एखादा दिवस जरी घरी असला तर तो घरीच मोजायचा. तो सगळे दिवस बाहेर असेल, तर जिथे सापडेल तिथे मोजायचा. नियम म्हणून यात चूक काहीच नाही. देशभर एका वेळी मोजायचं तर कुठलातरी महिना धरावाच लागतो, आणि कोरड्या, मोकळ्या रस्त्यांचा फेब्रुवारी सोयीचा आहे. पण विदर्भासाठी नेमका हाच महिना गैरसोयीचा आहे.

गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात पीक एकच. सिंचन नसेल तिथे डिसेंबरमध्ये धान चुरून झाला की शेतात काम उरत नाही. मोहफुलं वेचायला मार्च उजाडतो, तेंदूपत्ता मे महिन्यात. मधले अडीच-तीन महिने हाताला काहीच नाही. त्याच वेळी गोदावरीपलीकडे तेलंगणात, खम्मम आणि भद्राद्रीच्या बाजूला मिरची लाल होऊन तोडीला आलेली असते. मग जानेवारी संपता संपता पिकअप गाड्या गावात येतात. एका गाडीत मावतील तितकी माणसं, वर तांदळाचं बोचकं, भांडी, ताडपत्री. शेताच्या बांधावर ताडपत्रीखाली मुक्काम, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत तोड. तिखटाने बोटांची आग होते, ती रात्रीही शमत नाही. नवरा-बायको दोघंही जात असतील तर लहान लेकरू सोबत जातं, शाळेतलं आजीकडे राहतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हीच माणसं तिकडे अडकली, आणि कित्येक जण जंगलातल्या वाटांनी पायी परत आले. एरवी ती कुठल्याच नकाशावर दिसत नाहीत, ती त्या वेळी दिसली.

मेळघाटचं कॅलेंडर वेगळं, पण महिना तोच. धारणी आणि चिखलदऱ्यातले कोरकू दिवाळीनंतर खाली सपाटीवर उतरतात. अकोट, अंजनगाव, दर्यापूरच्या काळ्या जमिनीत आधी कापूस वेचणी, मग तूर, मग हरभऱ्याची सोंगणी. कोणी वीटभट्टीवर. होळीला मात्र काहीही झालं तरी माणूस घरी येतो, कारण होळी हा त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण. मजुरीचा हिशेब, नवे कपडे, फगवा, सोयरिकी, सगळं होळीला. २०११ मध्ये होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होती, २०२७ मध्येही ती मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यातच येते. म्हणजे मोजणी होऊन गेल्यावर गाव भरणार. पुसद, उमरखेड, दिग्रसच्या बाजूच्या तांड्यांवरही फेब्रुवारीत अर्धी घरं बंद असतात. मुकादमाची उचल दसऱ्याच्या आधी घेतलेली असते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी ऊसतोडीला निघून गेलेली असते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, ती परतत नाही. ज्याने उचल घेतली त्याला फेडेपर्यंत हलता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

प्रगणकाने यातल्या प्रत्येकाला त्या बांधावर, त्या भट्टीवर, त्या फडात गाठून मोजलं, तर देशाची बेरीज चुकणार नाही. मोजलं जातंही. पण बेरीज बरोबर येऊनही गावाची वाटणी चुकते. माणूस अखेर ज्या गावच्या विहिरीचं पाणी पितो, ज्या शाळेत त्याचं पोर बसतं, त्या गावच्या खात्यात तो नसतो. प्रश्नावलीत एकच रकाना वाढवला असता, वर्षातले किती महिने इथे आणि किती तिथे, तर या भागाचं चित्र पार बदललं असतं. गावकऱ्याला हा प्रश्न अवघड नाही. कोणत्या महिन्यात कुठे होतो हे तो पिकांवरून सांगतो.

हा प्रदेश माणसं बाहेर पाठवणारा कधीपासून झाला, याचा विचार करताना 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आठवते. ती उगीच पडलेली नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, आणि इथल्या काळ्या मातीला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. त्याच वर्षी वऱ्हाडची शिरगणती झाली तेव्हा माणसं २२ लाखांच्या आसपास होती. १८९१ मध्ये ती जवळजवळ २९ लाख झाली. चोवीस वर्षांत एवढी वाढ नुसत्या जन्मांनी होत नाही. खानदेशातून, निजामाच्या मुलखातून, सातपुड्यापलीकडून माणसं कापसाच्या मागे इथे आली. आज वऱ्हाडातल्या कित्येक घराण्यांच्या आठवणीत "आम्ही मूळचे इकडचे नाही" हे वाक्य आहे. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले आणि १९०१ मध्ये आकडा साडेसत्तावीस लाखांवर उतरला. तरी पाऊस झाला की माणसं परत फिरत होती, कारण पांढऱ्या सोन्यासाठी हात लागत होते. कोरडवाहू कापसाला आजही हात लागतातच. फक्त त्या हातांना वर्षभर जगवेल एवढं त्यात आता सुटत नाही.

आपल्या काळाचा हिशेब वर्धा जिल्ह्यावर करून पाहता येतो, आणि तो कोणीही कागदावर करू शकतो. २००१ मध्ये जिल्ह्यात १२,३६,७३६ माणसं होती, २०११ मध्ये १३,००,७७४. दहा वर्षांत वाढ पाच टक्क्यांच्या जरा वर. त्याच दहा वर्षांत राज्य १५.९९ टक्क्यांनी वाढलं. आता २०११ च्या सुमाराला राज्याचा जन्मदर हजारी १६.७ होता आणि मृत्युदर ६.३. दोन्हींतला फरक दहाच्या वर, म्हणजे कोणी आलं नाही आणि कोणी गेलं नाही तरी दहा वर्षांत साधारण ११ टक्के वाढ व्हावी. तशी झाली असती तर जिल्हा पावणेचौदा लाखांच्या जवळ गेला असता. प्रत्यक्षात त्याहून सत्तर हजार कमी. जिल्ह्याचा स्वतःचा जन्मदर राज्यापेक्षा कमी धरला पाहिजे, त्यामुळे सगळे सत्तर हजार बाहेर गेले असं म्हणता येणार नाही. पण पुष्कळसे गेले, हे नक्की. भंडाऱ्याचं चित्र असंच, साडेपाच टक्क्यांच्या आसपास. आणि जन्म तर पुढे आणखी घटले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला. पिढीला पिढी पुरायची तर २.१ लागतो. म्हणजे एका बाजूने गाव रिकामं होतंय आणि दुसऱ्या बाजूने भरणंही थांबलंय. गावातला माणूस यातली पहिलीच गोष्ट बोलून दाखवतो. दुसरी त्याला अंगणवाडीत दिसते, पण तो बोलत नाही.

का गेलात, हेही जनगणना विचारते. २०११ च्या रकान्यात सात कारणं होती: काम किंवा नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलेले, कुटुंबासोबत गेलेले आणि इतर. १९९१ मध्ये नैसर्गिक आपत्ती हेही कारण होतं, ते पुढे २००१ मध्ये काढलं गेलं. त्यामुळे सलग तीन वर्षं बोंडअळीने आणि अवकाळीने मोडलेला शेतकरी पुण्याला वॉचमन झाला, की तो 'काम' या रकान्यात जातो. कामाने त्याला ओढून नेलं आणि शेताने त्याला ढकललं, या दोन गोष्टी एकाच रकान्यात बसतात. आणि देशातल्या सगळ्या स्थलांतरितांत सगळ्यात मोठा गट कोणाचा, तर लग्न करून गेलेल्या बायांचा. आपण स्थलांतर म्हटलं की डोळ्यांपुढे बॅग घेतलेला पोरगा आणतो. प्रत्यक्षात माहेर सोडणारी मुलगी या यादीत केव्हाही त्याच्या पुढे आहे. आता तिने आपली दिशा ठरवायला घेतली आहे. पूर्वी वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत सोयरीक व्हायची. आता मुलगी आणि तिची आईही बायोडाटा हातात घेऊन आधी पाहते तो नोकरीचा कॉलम. दहा एकर ओलिताचा, निर्व्यसनी, पस्तिशीला टेकलेला मुलगा गावात बिनलग्नाचा आहे, आणि चाकणला ठेकेदाराकडे पगारावर असलेल्याचं जमतं. त्या मुलीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आईचं आयुष्य वखराच्या मागे आणि सावकाराच्या दारात गेलेलं तिने पाहिलंय. पण तिच्या एका नकारातून गावातली एक चूल मांडायचीच राहते, आणि मांडलीच न गेलेली चूल कुठल्याच तक्त्यात येत नाही.

गाव संपतं म्हणजे काय होतं, हे विदर्भाला नवं नाही. सातबाऱ्यावर पुष्कळ मौजांच्या नावापुढे 'रिठ' लिहिलेलं असतं. रिठ म्हणजे जिथे शिवार आहे, सारा आहे, नकाशावर नाव आहे, पण माणूस नाही. महाराष्ट्रातल्या ४३ हजारांहून अधिक महसुली गावांपैकी अडीच हजारांवर गावं २०११ मध्ये अशी ओसाड होती, आणि विदर्भात ती जागोजाग भेटतात. प्लेग, पटकी, दुष्काळ, पूर, कधी नुसतं विहिरीचं पाणी आटणं, कारणं ज्या त्या गावाची. रिठावर गेलं की ओळख लगेच पटते. एखादी म्हातारी चिंच, शेंदूर उडालेला मारुती, ढासळलेली विहीर, आणि पायाखाली खापरं. तिथली माती आजूबाजूच्या काळ्या मातीहून वेगळी, राखाडी, भुसभुशीत. पिढ्यान्‌पिढ्या कोसळलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण, उकिरडा, सगळं मिसळून तयार झालेली. तिलाच पांढरी म्हणतात. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शेतकरी उन्हाळ्यात रिठावरची पांढरी खणून गाड्या भरून शेतात नेतात, कारण तिला खताचा कस असतो. त्यातून कधी पाट्याचा तुकडा निघतो, कधी चुलीचा भाजलेला लाल गोळा. एवढ्या चुलींची राख एका एकराला पुरते, आणि त्या एकराला पुढची दोन वर्षं कपाशी अंगापेक्षा उंच वाढते.

आजची गावं मात्र रिठ होत नाहीत. मुख्य अडचण तीच आहे. रिठ झालं की निदान सगळ्यांना कळतं. ही गावं कागदावर भरलेली राहतात आणि आतून पातळ होतात. लोकसंख्या दीड हजारांच्या आत म्हणून ग्रामपंचायतीला सात सदस्य, पण एखाद्या प्रभागात राखीव जागेवर उभं राहायला माणूस मिळत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा निधीही २०११ च्या माणसांवर वाटला गेला, आणि जिथे ती माणसं आज राहतात त्या वाघोलीच्या नळाला त्यांच्या वाट्याचं पाणी नाही. शाळेचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकाचं पद हलतं. शिक्षक हलला की ज्यांची ऐपत आहे ते पोराला तालुक्याला घालतात, आणि पोरासोबत आई खोली करून राहते. पट आणखी उतरतो. मुलांसाठी सोय अगदीच नाही असं नाही. हंगामी वसतिगृह आहे, शिक्षण हमी कार्ड आहे. ते कार्ड घेऊन मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. पण कार्ड जाण्यापूर्वी द्यावं लागतं, आणि गाडी गावात पहाटे चारला येते. रेशनमध्ये मात्र व्यवस्था माणसाच्या मागे गेली. अंगठा लावून पुण्यातल्या दुकानातून माणशी पाच किलो उचलता येतं. धान्याला जे जमलं ते शाळेला आणि निधीला का जमू नये, हे विचारायलाच हवं.

त्या संध्याकाळी चार गंज भाताचं काय करायचं, यावर मंडपात बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं ढोरांना घाला, कोणी म्हणालं सकाळी फोडणी देऊ. आचाऱ्याने उत्तरेकडे, नाल्यापलीकडच्या शिवारात बोट दाखवलं. तिथे अंधारात आठ-नऊ ठिकाणी लालसर उजेड दिसत होता. बैतूल आणि छिंदवाड्याकडून कापूस वेचणीला आलेली कुटुंबं. दिवाळीपासून मुक्कामाला. किलोवर मजुरी घेऊन गावचा कापूस त्यांनीच घरात आणून दिला होता, कारण वेचायला गावात बाया नव्हत्या. चूलबंदचं आवतन द्यायला पोरं घरोघरी फिरली, कुलूप असलेल्या घरांच्या दारालाही त्यांनी अक्षदा लावल्या, पण नाल्यापलीकडे कोणी गेलं नव्हतं. ती घरं रजिस्टरात नव्हती.

दोन गंज आणि वरणाची बादली ट्रॉलीत घालून नेली. सचिव पोरगा सोबत गेला. तीन दगडांवर पातेली चढलेली होती, कण्यांचा पेज रटरटत होता, ओल्या पऱ्हाट्यांचा धूर डोळ्यांना झोंबत होता. एका बाईने विचारलं, "किसके घर का है?" त्याला पटकन सांगता येईना. मग तो म्हणाला, "गाव का है." तिने पातेलं उतरवलं आणि जळती लाकडं राखेत खुपसून चूल विझवली. बाजूच्या चुलीवालीनेही तसंच केलं.

परत आल्यावर आचाऱ्याने खिशातली वही काढली. पुढच्या वर्षीसाठी तो नेहमी नोंद ठेवतो. गावाच्या नावापुढे त्याने आधी लिहिलेला ९०० खोडला आणि लिहिलं: चुली १४८. मग थांबून, पोराला विचारून, त्याखाली: नाल्यापल्याड ९.